मालकीण आम्ही दोघी

इंदिरानगरमधलं आमचं रो-हाउस आम्हा दोघी जावांच्या नावावर होतं, आणि याचं कौतुक मी चार वर्षं ज्याला त्याला सांगत फिरले. खालचा मजला आमचा, वरचा दिरांचा. घर घेताना एजंट म्हणाला होता, बायकांच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. तेवढ्यात दोन्ही मजल्यांचे पंखे निघतात, असं आमच्या ह्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आमच्या मालकीमागची थोरवी एवढीच.

नोंदणीला गेलो तेव्हा कॅमेऱ्यासमोर बसताना धाकटी जाऊ मला विचारते, "ताई, डोक्यावर पदर घेऊ का?" मी म्हटलं, "घे बाई, आता तू मालकीण आहेस." दोघी अशा हसलो की तिथला कारकून चिडला. ती निफाडकडची, माहेरी द्राक्षबाग, बोलायला मोकळीढाकळी. मला सख्खी बहीण नाही. ती आली आणि ती उणीव भरून निघाली, हे मी तिला कधी सांगितलं नाही, पण होतं तसंच.

वास्तुशांतीला दारावर पितळी पाटी लागली. तिच्यावर दोघा भावांची नावं. मी चेष्टेत विचारलं, मालकिणींची नावं कुठे आहेत? दीर म्हणाले, "वहिनी, तुमची नावं कागदावर आहेत, पाटीवर काय ठेवलंय?" मला ते पटलंसुद्धा. पोटभर पुरणपोळी खाल्लेली असली की माणसाला काहीही पटतं.

घराचं कर्ज चौघांच्या सहीचं होतं. हप्ते दुकानातून जायचे. दोघा भावांचं द्वारका चौकाच्या पुढे ठिबकच्या नळ्यांचं आणि पंपांचं दुकान होतं, आणि ते बरं चालायचं. पण बऱ्यावर समाधान मानतील तर ते पुरुष कसले. दोघांच्या डोक्यात द्राक्षं परदेशी पाठवायचं खूळ शिरलं. ते कसं शिरलं आणि त्यात किती ओतलं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही, हे कबूल करते.

मग एका सकाळी मी भाकऱ्या थापत असताना हे कागदांचा गठ्ठा घेऊन ओट्याशी आले. "विम्याचे आहेत. इथे, इथे आणि इथे." मी हात पदराला पुसले आणि सह्या केल्या. एका पानावर पिठाचं बोट उमटलं, ते त्यांनी फुंकून साफ केलं. वर म्हणाले, "वाचायचं असेल तर वाच हं." तव्यावर भाकरी फुगलेली असताना म्हणाले. त्यांना माझा स्वयंपाक चांगला ठाऊक होता.

पुढच्या दिवाळीनंतर भावाभावांत बिनसलं. एका संध्याकाळी हॉलमध्ये असा आवाज चढला की समोरच्यांनी खिडक्या उघडल्या. रात्री जेवताना हे मला म्हणाले, "त्याने दुकानाचे पैसे खाल्ले, हप्ते थकवले. वर जाऊन काही बोलू नकोस. तोंड उघडलंस तर घराची अब्रू जाईल." मी विश्वास ठेवला. आणि माझा राग म्हणजे काय, एकदा धरला की सोडायचं नाव नाही. मी धाकटीशी बोलणं टाकलं. अंगणातलं कढीपत्त्याचं झाड दोघींचं होतं. ती पाला तोडायला आली की मी खिडकी लावून घ्यायचे, तिला ऐकू जाईल अशी.

एकदा ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला होता. "ताई, एक सांगायचं होतं." मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला सांग," आणि तिच्या तोंडावर दार लावलं. ती थोडा वेळ बाहेर उभी होती. तिच्या चपला वाजल्या नाहीत, म्हणून मला कळलं.

नोटीस लागली ती उन्हाळ्यात. मी दूध घ्यायला दार उघडलं तर पितळी पाटीच्या बरोबर खाली कागद चिकटवलेला. साठ दिवसांत थकबाकी भरा, नाहीतर बँक घराचा ताबा घेईल. वर जाड अक्षरांत आधी माझं नाव, मग धाकटीचं, आणि त्याखाली नवऱ्यांची. चार वर्षांत त्या दारावर आमची नावं पहिल्यांदा लागली ती अशी.

धाकटी जिन्यावरून खाली आली होती. माझ्या खांद्यावरून वाचत होती. नोटिशीत दोन कर्जं होती. एक घराचं, ते ठाऊक होतं. दुसरं याच घरावर, दुकानासाठी काढलेलं.

"हे दुसरं कोणी काढलं?" मी कितीतरी महिन्यांनी तिच्याशी बोलले.

तिने तारखेवर बोट ठेवलं. "त्या दिवशी माझ्याकडनं सह्या घेतल्या होत्या. पोराच्या शाळेचे कागद म्हणाले."

"मला विम्याचे म्हणाले."

"आणि मला आमचे हे म्हणाले, पैसे दादांनी खाल्ले. तोंड उघडलंस तर घराची अब्रू जाईल, असं बोलले."

शब्द तेच. एका अक्षराचा फरक नाही. मी पायरीवर बसले. धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही दार लावलं ना, त्या दिवशी मी हेच सांगायला आले होते. ह्यांना नि दादांना मी गंगापूर रोडला बघितलं. एका टेबलावर बसून मिसळ खात होते. लय हसत होते. त्यांचं भांडण नव्हतंच मुळी."

म्हणजे भांडण आमच्यासाठी होतं. दोघी बोललो असतो तर एका दिवसात सगळं उघडं पडलं असतं, म्हणून आम्हाला बोलू दिलं नाही. दुकान बुडालं याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. धंद्यात बुडतं. पण ह्या माणसाला माझा राग पाठ होता, आणि त्याने तो अवजारासारखा वापरला. वीस वर्षांचा संसार त्याला एवढ्याच उपयोगाचा वाटला.

मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "तुम्हा बायकांना त्रास नको म्हणून." मग दिवाळखोरीचा अर्ज करू म्हणाले. वकिलाने सांगितलं, एकट्याने केला तर बँक उरलेल्यांच्या मागे लागेल, चौघांनाही करावा लागेल. माझ्या नावावर जन्मात गॅसची टाकीसुद्धा नव्हती. आता घर होतं, दोन कर्जं होती आणि दिवाळं होतं. दोघींनी दागिने मोडले, ती माहेरी जाऊन हात पसरून आली. नाही पुरलं.

ताब्याच्या दिवशी दोघे भाऊ सुरतेला गेले होते. म्हणे तिथे कोणी जुनी उधारी देणार होता. एकाच गाडीतून गेले.

बँकेचा अधिकारी, तहसीलचा माणूस आणि एक महिला पोलीस आले. अधिकारी तरुण होता, वरमल्यासारखा बोलत होता. "कर्जदार हजर आहेत का?" आम्ही दोघी म्हणालो, "आहोत." त्याने पितळी पाटीकडे बोट दाखवलं, ही काढून नेणार का? धाकटी म्हणाली, "ज्यांची आहे ते नेतील." सामान आम्ही आदल्या दिवशीच तिच्या चुलतभावाच्या टेम्पोत भरलं होतं. कढीपत्त्याच्या दोन फांद्या तिने ओल्या फडक्यात गुंडाळून घेतल्या होत्या.

अधिकाऱ्याने पंचनाम्याचे कागद पुढे केले. "मॅडम, कुठे सही करायची ते दाखवतो. इथे, इथे आणि..."

"थांबा," मी म्हटलं. "आधी वाचते."

"बरीच पानं आहेत."

"असू द्या. आज चुलीवर काही नाही."

मी पायरीवर बसले. चष्मा टेम्पोत गेला होता, धाकटी धावत जाऊन घेऊन आली आणि माझ्याजवळ टेकली. उन्हात सगळे उभे. मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, सदर मिळकतीच्या मालक, आणि पुढे आम्हा दोघींची पूर्ण नावं. ते आजवर कोणी मोठ्याने वाचलं नव्हतं.

धाकटीने माझा हात धरला. "ताई, ते परत वाचा ना."

मी परत वाचलं. मग आम्ही सह्या केल्या.