दुसरं बोलावणं

"कोन हाय ते बाई? सांगता का नाई? सकायी सकायी तुमाले इचारते, कोमट पानी पेले का म्हून! मी या घरात आली तवापासून मीनं कधी इचारलं का पानी? तिले काय पडलं?"

माझी बायको अंगणात उभी राहून ओरडत होती. डोक्याला रुमाल, कमरेला कापूस वेचायची ओटी, आणि मुठीत माझ्या हेडफोनची वायर. वायरचं दुसरं टोक माझ्या कानात होतं, त्यामुळे कासरा धरलेल्या बैलासारखा मी तिच्याकडे ओढला जात होतो. आणि ज्या बाईबद्दल हे चाललं होतं ती त्याच कानात, पुण्याहून, सगळं ऐकत होती.

"तुमच्याकडे काही भांडण चाललंय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. शेजारी लग्न आहे."

"मंगळवारीसुद्धा लग्न होतं. रोजच असतं का तुमच्या गावात?"

मी म्हटलं, आमच्याकडे लोक लग्नाळू आहेत. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की मला घाम फुटे, कारण त्यांचं गप्प बसणं म्हणजे कुठेतरी काहीतरी टिपून ठेवणं असतं, अशी माझी पक्की समजूत होती.

पाण्याचं प्रकरण साधं होतं. मॅडम आहारतज्ज्ञ. सकाळी त्यांच्या लोकांना जो मेसेज जायचा, तो त्या मला तोंडी सांगत आणि मी लिहून पाठवी. हेडफोन निसटला, आवाज मोकळा झाला, आणि "कोमट पाणी प्यायलात का?" हे मधाळ वाक्य नेमकं बायकोच्या कानावर पडलं. मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हो, मी लहान पोरगी हाय ना." आणि पऱ्हाटीकडे कापूस वेचायला निघून गेली. जाताना कुत्र्याला उगाच लाथ दाखवली, ती मला होती हे कुत्र्यालाही कळलं.

तुम्ही विचाराल, हा माणूस या धंद्यात पडला कसा? तर माझा मूळ धंदा आवाजाचा. लग्नात माइकवर उभा राहून आहेर पुकारायचा, वऱ्हाडाला पंगतीत बसवायचं, हरवलेली लेकरं आयांना परत मिळवून द्यायची. आवाज असा की बोरी अरबच्या फाट्यावरून हाक मारली तर नेरच्या स्टँडवरून निघालेली एसटी रिव्हर्स यायची. ड्रायव्हर लोक आता कबूल करत नाहीत, त्याला मी काय करू? पण आहेर पाकिटात गेला, पुकारायला काही उरलं नाही, आणि राहिलेली जागा डीजेने खाल्ली. मग एका व्हिडिओत पाहिलं की घरी बसून दुसऱ्याच्या कामाची व्यवस्था पाहता येते. त्याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात, म्हणजे न दिसणारा मदतनीस.

आमचे पोलीस पाटील म्हणाले, "न दिसनारा मानूस एक त भूत असते, नाई त चोर."

शिकायला लागलो. पहिलं शिक्षण आवाज उतरवायचं. घरातली मांजर झोपली की तिच्याजवळ बसून मी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायचो. सुरुवातीला मांजर थेट घराच्या धाब्यावर चढायची. मग नुसती उठून बसायला लागली. मग कान हलवायची. ज्या दिवशी तिने कानही हलवला नाही, त्या दिवशी मी कामासाठी अर्ज केला. टायपिंगचं म्हणाल, तर माझी बोटं इतकी दणकट की एक अक्षर दाबलं की शेजारची दोन घाबरून आपोआप उमटत. मेलचं वेगळंच. पहिला मेल मी असा लिहिला: आपली कृपा असावी, इकडे सर्व खुशाल, सोयाबीन बरं आहे, पाऊस मधे दडी मारून बसला होता पण आता ठीक आहे, आणि शेवटी, डॉक्टर साहेबांची वेळ गुरुवारची मिळाली. मॅडमचं उत्तर आलं: "फक्त शेवटची ओळ पाठवत जा."

कॅलेंडर मात्र मला लगेच जमलं. एका दिवशी तीन गावांत लग्नं, एकच मुहूर्त, आणि तिन्हीकडे मंगलाष्टकांना हजर, हे ज्याने केलं आहे त्याला दोन मीटिंगा एकमेकींवर चढू न देणं काय अवघड? सगळ्यात जड गेलं ते "समजलं नाही" म्हणायला. आमच्याकडे समजो ना समजो, माणूस मान हलवून "हो हो" म्हणतो, नाही तर समोरच्याचा अपमान होतो. हे दोन शब्द मी आरशासमोर उभा राहून पाठ केले.

काम मिळालं, पण पहिला महिना पारखण्याचा. महिना संपला की ठेवायचं की नाही ते मॅडम ठरवणार होत्या. माइक गेलाच होता. हेही गेलं असतं तर गावात मी नुसता मोठ्या आवाजाचा माणूस उरलो असतो, आणि असे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

या महिन्यात जो तो एकमेकांवर नजर ठेवून होता. मॅडमनी माझ्या लॅपटॉपमध्ये असं काहीतरी बसवायला लावलं होतं की अधूनमधून आपोआप फोटो निघायचा. फोटो पडद्याचा निघतो, माझा नाही, हे कळेपर्यंत मी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बसत होतो. त्यामुळे बायकोचा संशय पक्काच झाला. ती काहीतरी शोधायच्या निमित्ताने सारखी खोलीत यायची. एकदा सुपात काहीच नसताना माझ्या पाठीमागे उभी राहून पाखडत होती.

पोलीस पाटील रोज चहाला यायला लागले. पडद्याकडे पाहत बशी फुंकायचे.

"ते ओटीपी-गिटीपीचं त नाई ना काई?"

"नाही पाटील. मी लोकांना भेटीच्या वेळा देतो."

"कोन्या लोकायले?"

"ज्यांना बारीक व्हायचं आहे."

पाटलांनी बशी खाली ठेवली. "बारीक व्हाले वेळ कायले लागते? आमच्याइकडे उन्हाळ्यात आपोआप होते मानूस. बरं, तुया त्या मॅडमचं तोंड पाह्यलं का तू?"

नव्हतं पाहिलं. मॅडमचा कॅमेरा नेहमी बंद. नुसतं एक गोल, त्यात एक अक्षर. त्या दिवशी संशयाचं बी माझ्याही डोक्यात पडलं आणि शेताच्या धुऱ्यावरच्या गवतासारखं वाढलं. बाई आहे की बाईचा आवाज काढणारा कोणी बुवा? मी कोणाचं काम करतो आहे, त्यांचं की कुणा टोळीचं? रेडा पाळला आणि गाय समजून चारा घातला, असं तर नाही?

त्यातच तो रविवार आला. मॅडमचा सकाळचा मोफत ऑनलाइन वर्ग होता. आधीच्या वर्गांना नावं भरपूर यायची, माणसं यायची नाहीत. या वेळी लोक जमवायचं काम माझ्याकडे होतं, आणि मॅडम सरळ म्हणाल्या होत्या, "यावरून मला कळेल." मी मेल पाठवले, मेसेज पाठवले, आदल्या दिवशी आठवण दिली. सगळं शिकल्याप्रमाणे. वर्ग सुरू व्हायची वेळ झाली आणि पडद्यावर मोजकीच डोकी. मॅडम इकडचं तिकडचं बोलून वेळ काढत होत्या.

तेव्हा मला आमच्या पंगती आठवल्या. आमच्याकडे जेवणाचं आवतन सकाळी घरोघर दिलं, तरी तेवढ्यावर कोणी येत नाही. पानं वाढून झाली की पुन्हा एक माणूस दारोदार जातो आणि म्हणतो, "चला, पानं वाढली." हे दुसरं बोलावणं आलं नाही तर घरचा भाऊही उपाशी बसून राहील, पण येणार नाही. आणि वर आयुष्यभर सांगेल की मला बोलावलं नाही. पुण्याची माणसं काय वेगळी असतील? ती बिचारी घराघरात दुसऱ्या बोलावण्याची वाट पाहत बसली आहेत!

मी खिशातला माझा फोन काढला आणि नावं दिलेल्यांच्या यादीतले नंबर लावत सुटलो. "नमस्कार, मॅडमचा वर्ग सुरू झाला, सगळे थांबले आहेत, चला." पुढचा. "चला, तुमच्यासाठीच थांबलो." मांजरीपाशी कमावलेला आवाज केव्हाच सुटला होता. काहींना तर फोन न लावताही ऐकू गेलं असावं. पडद्यावर डोकी वाढायला लागली. कोणी ओल्या केसांनी, कोणी चपातीचा घास तोंडात. आभाळातून बगळे उतरावेत तसे चौकोन उतरत होते.

वर्ग संपला आणि माझं काम बंद पडलं. मेल उघडेना, कॅलेंडर उघडेना. सगळीकडे एकच पाटी: तुम्हाला परवानगी नाही.

मग मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. त्या दिवशी पहिल्यांदा कॅमेरा चालू. खरंच बाई होती, चष्मा लावलेली, आणि चेहरा असा की समोरचं दूध फाटावं.

"माझ्या लोकांना तुम्ही स्वतःच्या नंबरवरून फोन केलेत. का?"

"बोलावायला, मॅडम."

"मेसेज गेले होते. आता त्या सगळ्यांकडे तुमचा नंबर आहे. तुम्हाला स्वतःचं काही सुरू करायचंय? की यादी कुणाला विकायची आहे?"

मला "समजलं नाही" हे शब्द आठवले, पण इथे सगळं नीट समजलं होतं. तोंडातून आवाज निघेना. माझ्या तोंडातून! तेवढ्यात पाठीमागून बायको आली. आधी तिने पडद्यावरची बाई नीट, वरपासून खालपर्यंत पाहून घेतली. मग खुर्ची सरकवून कॅमेऱ्यात घुसली.

"अवं बाई, पानं वाढल्यावर बोलवाले नाई गेलं, त कोन येते जेवाले? हे मानूस सकायपासून बोंबलून राह्यलं तुमच्यासाठी. मी वावरात होती, तिथलोग ऐकू येत होतं. चोरी करनारा मानूस इतका वरडते का?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मी तीन-चार जणींना विचारलं," त्या म्हणाल्या. "त्या म्हणतात, तो फक्त 'चला' म्हणाला आणि फोन ठेवला. दुसरं काही बोलला नाही."

"दुसरं काय बोलनार?" बायको म्हणाली. "बोलवाले गेलेला मानूस दारात बसत नाई."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. पाटील चहाला आले होते, ते दारातूनच मान लांबवून पडद्याकडे पाहायला लागले. शेवटी मीच विचारलं, "मॅडम, मग मला ठेवता की काढता?"

"पुढच्या रविवारी फोन मी देईन त्या माझ्या नंबरवरून करा," त्या म्हणाल्या. "ते कॉल रेकॉर्ड होतील."