सगळ्यांना मोठी खाती

आमच्या वाचनालयात पुस्तकांची बांधणी करणाऱ्या काकांच्या बोटांना कायम खळ चिकटलेली असते, म्हणून सगळे त्यांना खळकाका म्हणतात. त्याच बोटांनी ते वाचनालयाचा एकुलता एक कॉम्प्युटर सांभाळतात. त्यावर लिनक्स आहे. फुकट मिळतं म्हणून समितीने ते निवडलं. समितीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी समितीतच आहे.

पूर्वी त्या कॉम्प्युटरवर आम्ही सगळे एकाच खात्यात नांदत होतो. एके दुपारी मी तिथे लिहीत बसणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना चारचौघांत म्हणालो, "तुमचं लेखन वाचलं, फार छान लिहिता." कौतुकच करायचं होतं मला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचं पहिलं मूल दोन दिवसांत गेलं होतं. ते सगळं त्या नंतर झालेल्या लेकीसाठी लिहीत होत्या, कारण तिला तोंडाने सांगणं आयुष्यभर जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्या यायच्या बंद झाल्या. मला आजही त्याची लाज वाटते.

खळकाकांनी ते मनाला लावून घेतलं. आठवडाभर पडद्यात डोकं खुपसून ते शिकले: सेटिंग्जमध्ये जायचं, नवा वापरकर्ता जोडायचा, पासवर्ड ज्याचा त्याने ठरवायचा. मग स्वतः नर्सबाईंच्या दारात जाऊन त्यांना घेऊन आले.

पण खातं उघडताना कॉम्प्युटर विचारतो, हा माणूस साधा वापरकर्ता की प्रशासक? इथे काकांचा भिडस्त स्वभाव आडवा आला. निवृत्त हेडमास्तरांना 'साधा' कसं म्हणायचं? आणि नर्सबाईंना? काकांनी झाडून सगळ्या ज्येष्ठांना प्रशासक करून टाकलं. प्रशासकाला दुसऱ्याचं खातं मिटवता येतं, हे त्यांनी वाचलं होतं. आपली माणसं असं काही करतील, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

नर्सबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेल्या आणि दोन महिने आल्या नाहीत. हेडमास्तरांनी उभा जन्म गैरहजर मुलांची नावं पटावरून काढण्यात घालवलेला. त्यांनी यादी पाहिली आणि शिस्तीत नर्सबाईंचं खातं काढलं. फाइली ठेवायच्या की पुसायच्या, असंही कॉम्प्युटरने विचारलं. त्यांनी पुसा म्हटलं. अर्धवट काम त्यांना खपत नाही.

नर्सबाई परतल्या त्या दिवशी काका त्यांना बाजूच्या खोलीत घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. हेडमास्तरांचं नाव न घेता काकांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. सगळी पानं गेली, परत मिळायची नाहीत, एवढंच सांगितलं.

त्यांनी विचारलं, "काका, कुणी वाचलं तर नाही ना?"

"नाही. वाचलं नाही कुणी. नुसतं पुसलं."

"मग लिहीन परत," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी चालत नाही, हे त्यांनाच आम्हाला सांगावं लागलं.

काकांनी त्याच दिवशी नर्सबाईंना नवं खातं दिलं आणि आम्हा बाकी सगळ्यांना साधं करून टाकलं, स्वतःसकट. हेडमास्तर आठवडाभर फुगून बसले. मग आपण काय पुसलं ते कळल्यावर येऊन माफी मागून गेले. प्रशासक एकट्या नर्सबाई राहिल्या. आता नवं खातं उघडायचं तर काकाही त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहतात.

परवा मी माझा पासवर्ड विसरलो. काकांनी हात वर केले आणि मला नर्सबाईंकडे पाठवलं. मी अपराध्यासारखा उभा राहिलो. त्यांनी आपली फाइल बंद केली, माझं खातं उघडून दिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"काल लेकीने वाचलं," त्या हळूच म्हणाल्या. "या वेळी सगळ्यांच्या आधी तिने."

मी मान खाली घालून नवा पासवर्ड टाकला.