दात्याचा अंश

माझ्या धाकट्या भावाला गल्लीत सगळे रेडिओ म्हणतात. त्याचं सलून आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की कैची आणि तोंड बरोबरच सुरू होतं. दाढी संपली तरी बातम्या संपत नाहीत. असा हा माणूस एक गोष्ट अडीच महिने लपवून बसला, आणि तीही माझ्या किडनीची!

हो, माझीच. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही निकामी झाल्या आणि माझी जुळली. दिली. पाठच्या भावाला नाही द्यायची, तर काय तिचं लोणचं घालायचं?

पण शरीराला परकी वस्तू खपत नाही. ते किडनीवर उलटू नये म्हणून जन्मभर गोळ्या, आणि उलटलंय का हे बघायला तपासण्या. पहिल्याच वर्षी शंका आली तेव्हा सुई खुपसून किडनीचा तुकडा काढला होता. सहा तास उताणा, पोटावर वाळूची पिशवी, लघवीत रक्त. तेव्हापासून सुईचं नाव काढलं की हा पांढराफटक पडतो. म्हणून नवी तपासणी निघाली तेव्हा आम्ही म्हटलं, सुटलो बाबा! नुसतं दंडातून रक्त द्यायचं. रक्तात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी शंभरात किती किडनी देणाऱ्याचे आहेत, ते मोजतात. रिपोर्ट मोबाइलवर येतो, त्यात ‘दात्याचा अंश’ म्हणून एक आकडा. पहिल्यांदा ०.३ आला. डॉक्टरीणबाई “छान” म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. छान का, हे ना त्यांनी सांगितलं, ना आम्ही शहाण्यांनी विचारलं.

मागच्या सोमवारी सलूनवर गेले, तर हा मोबाइल नाचवत पुढे आला.

“ताई, एक पूर्णांक सहा!”

“काय ते?”

“तू! पाचपट वाढलीस माझ्यात. चांगली रुजलीस बघ!”

खुर्चीतले रिटायर्ड पोस्टमन तोंडावरच्या फेसातून म्हणाले, “शेवटी रक्ताचं नातं हो!” खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही बरं वाटलं.

“डॉक्टरांना कळवलंस?”

“चांगल्या बातमीला कशाला फोन? रिपोर्ट येऊन तीन आठवडे झाले, पुढच्या महिन्यात जायचंच आहे. नेहमीची रक्ततपासणीही नॉर्मल आहे.” मग हळूच म्हणाला, “आणि गंमत सांगू? सकाळची गोळी मी अडीच महिने बंद केलीय. तरी तू वाढलीसच ना!”

“कुणाला विचारून बंद केलीस?”

“त्या गोळीने हात थरथरतो गं. वस्तरा धरवत नाही. एकाच्या कानाखाली चिरलं.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. नर्सने आकडा ऐकला आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता घेऊन या. पोस्टमनकाकांची अर्धी दाढी तशीच सोडून मी त्याला टॅक्सीत कोंबलं.

“हे कण किडनीच्या पेशी मरताना रक्तात सुटतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आकडा वाढला म्हणजे तिला इजा होतेय. एकच्या वर गेला की आम्ही धावपळ करतो. नेहमीच्या तपासणीत हे उशिरा दिसतं.”

“मग रिपोर्टवर हे एक वाक्य लिहायला काय धाड भरली होती?” मी म्हटलं. मी अजूनही म्हणते, लिहायला हवं होतं.

शेवटी ज्या सुईला तो घाबरत होता, तीच पुन्हा खुपसावी लागली. शरीर किडनीवर उलटलंच होतं. तीन दिवस सलाईनमधून जालीम औषध दिलं. बाकीची वाचली, पण चौथा हिस्सा गेला, तो परत येणार नाही.

तिसऱ्या दिवशी बाई राउंडला आल्या तेव्हा त्याने कसंबसं हाताचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अहो, मग सांगायचं ना! दिवसातून एकदाच घ्यायची गोळी मिळते, तिने थरथर बरीच कमी होते. आजच बदलून देते.”

बाई जायची खोटी, मी तोंड सोडलं. “ऐकलंस? एक शब्द! अख्ख्या गल्लीचं डोकं खातोस, आणि मला एक शब्द सांगता आला नाही? एवढी मी परकी?”

तो छताकडे बघत पडून होता. “तुला कसं सांगणार ताई? तू अख्खी किडनी काढून दिलीस. मी हात थरथरतो म्हणून रडगाणं गाऊ? कुठल्या तोंडाने?”

दोन वर्षं प्रत्येक भेटीत मी त्याला पहिला प्रश्न एकच विचारत आले होते, “काय म्हणतेय माझी किडनी?” तो कसा आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं.