मागणी क्रमांक अकरा

माझा मोठा भाऊ गेला तेव्हा दाखल्यावर क्षयरोग लिहिला होता. हिंगण्याच्या एका कारखान्यात ओतकामाचे साचे फोडायचे आणि त्यातली वाळू पुन्हा चाळायची, हे काम त्यानं बावीस वर्षं केलं. ती वाळू पिठापेक्षा बारीक होऊन त्याच्या छातीत बसली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दाखल्याला माहीत नव्हतं. वडिलांचा हातमाग बंद पडला तेव्हा दोघांपैकी एकानं शिकायचं असं ठरलं होतं. मी शिकलो. आता एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांवरची धूळ झटकतो आणि त्याचा पगार घेतो.

तेरवीला कामगारांच्या हक्कांसाठी लढणारी एक समिती आली. समितीचं नाव इतकं लांब होतं की बॅनरवर ते दोन ओळींतही मावत नसे. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. झपाट्यानं वाढलेल्या उद्योगांनी माणसाचं काय केलं, यावर ते तासभर बोलू शकत, आणि त्या दिवशी बोललेही. पानातलं वरण थंड झालं. भावाची आणि त्यांची कधी भेट झाली नव्हती, कारण सभा संध्याकाळी असत आणि भावाची दुसरी पाळी असे. तरी त्यांनी त्याला तीनदा 'आपला लढवय्या साथी' म्हटलं. वहिनीनं तिसऱ्यांदा मान वर करून पाहिलं. दुसऱ्याच कोणाच्या तेरवीला तर हे आले नाहीत ना, अशी तिची नजर होती.

ठेकेदारही आला. तो कमी बोलला. जाताना मोठ्या मनानं भावाची जागा त्यानं वहिनीला देऊ केली. तीच शेड, तीच चाळणी. दोन मुलींची शिक्षणं व्हायची होती. ती महिन्याभरात कामावर गेली.

पुढे एका रविवारी ती माझ्याकडे आली. "भाऊजी, शेडमंदी धूळ ओढाचं मशीन हाय. पाच वर्सं झाले लावून, तरी नवंकोरं. तपासणीचा साहेब येते त्या दिवशी चालू करते, तो गेला का बंद. लाइटीचं बिल लै येते म्हणते. तुमच्या भावाच्या टाइमालेही असंच होतं. तुमाले लिहिता येते. लिहा नं कोणाले तरी, का मशीन चालू ठेवा. दुसरं काही नाई पायजे."

भावाच्या डोक्यावर ते मशीन पाच वर्षं बंद लटकत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

लिहायला मी एकटा पुरलो असतो. पण माझ्यासारख्या माणसाला वाटतं, मागे संघटना हवी. मी समितीकडे गेलो.

"एवढीच मागणी?" अध्यक्षांचा चेहरा पडला. "सर, हे तर फक्त लक्षण झालं. आपण रोगावर बोललं पाहिजे."

रोगावर डॉक्टर आधीच बोलून मोकळे झाले होते, हे मी मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो, "बरोबर आहे."

तीन बैठका झाल्या. एक संपूर्ण संध्याकाळ 'निषेध' लिहायचं की 'तीव्र निषेध' यात गेली, आणि मतदानानं 'तीव्र' जिंकला. मागण्या अकरा झाल्या. पहिली, औद्योगिक वसाहतीच्या चौकाला प्रबोधनाशी संबंधित नाव देण्यात यावं. दुसरी, देशाच्या विकासनीतीचा मुळापासून फेरविचार व्हावा. वहिनीची मागणी अकरावी. ती तिथं समितीनं नाही, मी टाकली. इतकी पुस्तकं वाचल्यावर मला पक्कं ठाऊक होतं की लेखनाचा सगळा भार शेवटच्या वाक्यावर यावा. त्या वाक्यावर मी दोन रात्री घालवल्या. 'उत्पादनप्रक्रियेतून निर्माण होणाऱ्या सूक्ष्म कणांच्या निर्मूलनासाठी उपलब्ध असलेल्या यंत्रणेचे अखंडित कार्यान्वयन सुनिश्चित करण्यात यावे.' अध्यक्षांनी ते वाचून डोळे मिटले. "वा," म्हणाले. मला, शोकात असूनही, बरं वाटलं.

डिसेंबरात अधिवेशन भरलं की आमच्या शहरात मोर्च्यांचा हंगाम सुरू होतो. पोलीस प्रत्येकाला जागा आणि वेळ नेमून देतात. क्रांतीसाठी आम्हाला दुपारी दोन ते चार मिळाले होते. वहिनीनं एक दिवसाची रजा टाकली, म्हणजे रोजी बुडवली. भावाचा फ्रेम केलेला फोटो धरून तिला सगळ्यात पुढे चालवलं. बॅरिकेडपाशी अडवल्यावर, रिवाजाप्रमाणे, पाच जणांचं शिष्टमंडळ आत सोडणार असं ठरलं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि समितीचा फोटोग्राफर. पाचवं कोण?

"सरच या," अध्यक्ष म्हणाले. "भाषेबद्दल काही विचारलं तर?"

वहिनीच्या हातातला फोटो सचिवांनी घेतला. "आत दाखवून आणतो वं बाई, इथंच थांब."

ती थांबली. मी आत गेलो. हे वाक्य मला जितकं पुन्हापुन्हा लिहून पाहावं लागलं, तितकं अकराव्या मागणीचंही लागलं नव्हतं.

आत भाषेबद्दल कोणी काही विचारलं नाही. मंत्रिमहोदयांनी निवेदन दोन्ही हातांनी घेतलं, फोटोग्राफरकडे पाहिलं, आणि आम्ही साडेतीन मिनिटांत बाहेर आलो.

फेब्रुवारीत उत्तर आलं. चौकाच्या नामकरणाची बाब स्थानिक संस्थेच्या अखत्यारीत असल्यानं निवेदन निकाली काढण्यात येत होतं. मी त्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचा बाबू सज्जन होता.

"सर, पहिला मुद्दा पाहून खातं ठरते. तुमचा पहिला चौक होता नं."

"पण अकरावा?"

"अकराव्यापर्यंत कोण वाचते, सर?"

हे सांगायला मी वहिनीकडे गेलो. ती भाकरी टाकत होती. उत्तर तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपलं काय लिहिलं होतं ते तरी वाचा."

मी ते वाक्य वाचलं. सवयीनं, योग्य ठिकाणी थांबून वाचलं.

"आता मशीनचं वाचा," ती म्हणाली.

"तेच वाचलं, वहिनी."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "यात मशीन कुठं हाय?" आणि पुढची भाकरी थापता थापता, रागानं नाही, "भाऊजी, म्या एवढं सोपं सांगतलं होतं तुमाले. काहून केलं असं?"



दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला शेडमधल्या नऊ बायका चाळण्या भिंतीला टेकवून खाली बसल्या. घोषणा नाही, बॅनर नाही. सुपरवायझर आला तेव्हा वहिनी म्हणाली, "मशीन चालू करा, आमी उठतो." वीस मिनिटांत मशीन चालू झालं.

समितीनं पत्रक काढून हा आपल्या मोर्च्याचा विजय असल्याचं जाहीर केलं. सत्कार ठरला. वहिनीला बोलावणं गेलं. "मी तिकडं शाल घ्याले गेली का इकडं बंद करते ते," एवढं म्हणून ती कामावर गेली. ते खरंच होतं. एकदोन दिवस गेले की मशीन बंद होई आणि बायकांना पुन्हा बसावं लागे.

मग तिनं मला एक काम दिलं. तपासणीच्या साहेबाला दिवस दाखवायला हवेत, म्हणून एक वही ठेवायची. ती रोज पाळी सुरू झाली की फोन करणार, मी आवाज ऐकायचा आणि तारखेपुढे लिहायचं, चालू किंवा बंद. "दुसरं काही लिहू नका," तिनं बजावलं.

अध्यक्षांना वहीचा सुगावा लागला. "फार मोलाचा दस्तऐवज आहे, सर. याला एक प्रस्तावना हवी." मी नाही म्हणालो. माझ्या आठवणीत त्यांना नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

आज सकाळी फोन आला. मशीनची घरघर नव्हती. दुरून सुपरवायझरचा आवाज येत होता, "अवं बाई, रोजचं काय लावलं तुमी? बिल किती येते मालूम हाय का?"

"आमच्या दवाखान्याचं किती येते ते मालूम हाय," वहिनी म्हणाली. मागे कोणीतरी हसलं. मग तिला खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबली नाही. भावालाही सुरुवातीला अशीच येत असे.

"बसून राहिलो आमी," श्वास सापडल्यावर ती म्हणाली.

मी तारखेपुढे 'बंद' लिहिलं. खोकल्याचं लिहायला वहीत जागा ठेवलेली नव्हती. ग्रंथालय उघडायची वेळ झाली होती. मी फोन कानाला तसाच धरून बसलो.