सागर नगरातला ओढा

टेलरच्या दुकानात दोन गोष्टी फुकट साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या निदान उशीत भरता येतात. किस्से कुठं भरायचे? वारंगा फाट्यावर माझं दुकान, बाहेर एक बाकडं, आणि आमची ओढा बचाव समिती दोन वर्षं त्याच बाकड्यावर बसली. मला सेक्रेटरी केलं होतं. अक्षर चांगलं म्हणून नव्हे, बाकडं माझं म्हणून.

आधी भानगड काय होती ते सांगतो. हिंगोली जिल्हा नवा झाला आणि फाट्यावरच्या जमिनीला एकदम भाव आला. फाट्याच्या मागं एक ओढा आहे. एका जागी तो दोन धारांत फुटतो आणि मधे बेट तयार होतं, त्यावर करंजाची पंधरा-वीस झाडं. उन्हाळ्यात ओढा वरून आटतो, पण बेटाच्या कडेला वाळू हातभर उकरली की पाणी झिरपून येतं. तो झिरा. खालच्या तांड्यातली लेकरंबाळं, गुरंढोरं सगळी त्या एका झिऱ्यावर उन्हाळा काढायची. झिरा राखायची सक्रूबाई. साठीची बाई. रोज सकाळी वाटीनं वाळू उपसायची आणि पायात चप्पल घालून बेटाकडं येणाऱ्याला हाकलायची, मग तो कुणी का असेना.

एका शेठनं बेटासकट दोन्ही काठ विकत घेतले आणि ओढ्यात मुरूम टाकून प्लॉट पाडायचं ठरवलं. झिरा बुजला की तांडा उठला. भांडण एवढंच होतं.

*

आधी बोर्ड लागला. 'सागर नगर'. पेंटरनं निळा समुद्र काढला होता, शिडाची होडी, बेटावर वाकलेलं नारळाचं झाड. आमच्या भागात नारळ देवळासमोर फुटतो. झाडाला लागलेला निम्म्या लोकांनी पाहिलेला नाही.

सक्रूबाई बोर्डासमोर बराच वेळ उभी राहिली. मला म्हणाली, "मास्तर, हे काय हाय?"

"समुद्र."

"कुठं हाय?"

"इथं होणार म्हणे."

"मंग हाय तो ओढा काहून बुजवून राहिले?"

*

समितीचे अध्यक्ष गफूरभाई. माझ्या शेजारी त्यांचं वेल्डिंगचं दुकान. निवेदन घेऊन तालुक्याला जायचं ठरलं आणि त्याच दिवशी एसटी आली नाही. फाट्यावर ताटकळत उभे होतो, तर एक जीप थांबली. आत शेठ.

"काय काम काढलं तालुक्याला?"

मी गफूरभाईंना कोपर मारलं, पण तो माणूस खोटं बोलण्यातला नाही. म्हणाले, "तुमच्या खिलाफ निवेदन द्यायचं हाय."

शेठ म्हणाले, "बसा. मीबी तिकडंच चाललो."

बसलो. काय करता? वाटेत शेठनी निवेदन मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "मास्तर, गट नंबर चुकला. असं दिलं तर तुमचाच अर्ज फेटाळतील." मी तिथंच खोडून दुरुस्त केलं. तालुक्याला पोचल्यावर त्यांनी भजी खाऊ घातली. परत येताना गफूरभाई म्हणाले, "आदमी बुरा नहीं. फक्त ओढा तेवढा सोड म्हणावं."

*

मुरमाचा पहिला टिप्पर आला त्या दिवशी गफूरभाई उतारावर आडवे झाले. चाकासमोर. आम्ही घोषणा देत होतो. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली.

"भाई, उठा. ब्रेकचं पायडल तुमीच वेल्डिंग केलंय."

गफूरभाई टुणकन उठले. आपलं काम त्यांना बराबर ठाऊक होतं.

पण पुढं ऐका. ड्रायव्हरही घाबरला होताच. पायडल नीट करून घ्यायला त्यानं टिप्पर गफूरभाईंच्याच दुकानात आणून लावला. आठ दिवस तो तिथंच. रोज ड्रायव्हर विचारायचा, रोज गफूरभाई म्हणायचे, "काम नाजूक हाय." आमचं सगळ्यात यशस्वी आंदोलन ते. त्यात घोषणा एकही नव्हती.

*

मग आमच्या हातून चूक झाली, आणि ती माझी होती. पेपरात फोटो आला पाहिजे म्हणून मी सगळ्यांना ओढ्यात उभं केलं. एप्रिल महिना. पत्रकार म्हणाला, "हात वर करा." बातमी झकास आली, 'ग्रामस्थांचे ओढ्यात आंदोलन'. मी कात्रण दुकानात फ्रेम करून लावलं.

शेठनी तेच कात्रण आपल्या प्लॉटच्या परवानगीच्या अर्जाला जोडलं. चाळीस माणसं ओढ्यात उभी आहेत आणि एकाचाही तळवा भिजलेला नाही, हा ओढा नव्हेच, पडीक घळ आहे, असं लिहिलं. मी फ्रेम काढून ठेवली. दोन दिवस बाकड्यावर जाऊन बसायची मला लाज वाटली.

*

त्या कात्रणापायी पंचनामा लागला. मेचा महिना, भर दुपार. मंडळ अधिकारी आले, सोबत तलाठी. साहेब बेटाकडं निघाले तशी सक्रूबाई आडवी आली.

"बूट काढा साहेब. पुढं झिरा हाय."

वाळू तापून फुफाटा झालेली. साहेब म्हणाले, "इथूनच दिसतंय सगळं." आणि काठावरच्या बाभळीच्या सावलीत उभ्यानं कागद लिहून टाकला. मी सक्रूबाईकडं पाहत राहिलो. तिच्याच नियमानं घात केला होता.

साहेबांना तहान लागली. आमच्याकडं पाण्याला कुणी कुणाला नाही म्हणत नाही, शेठसुद्धा तिच्या हातचं पाणी पिऊन गेलेले. सक्रूबाई झिऱ्यावर गेली, तांब्या भरून आणला, साहेबांच्या हातात दिला. तेवढ्यात तलाठ्यानं शाईचा पॅड तिच्यापुढं धरला. पंच म्हणून तिचा अंगठा हवा होता.

"मास्तर, काय लिवलं ते वाचा आदी."

मी वाचलं. "सदर ठिकाणी पाहणी केली असता पात्र कोरडे असून पाणी आढळून आले नाही."

साहेबांनी तांब्या तोंडाला लावायला उचलला होता. सक्रूबाईनं तो वरच्यावर धरला आणि काढून घेतला.

"पानी न्हाई लिवलं ना तुमी? मंग पिऊन काय राहिलात?"

साहेबांनी तांब्याकडं पाहिलं, ओढ्याकडं पाहिलं. मग खाली बसून बुटाचे बंद सोडायला लागले. तलाठ्याला म्हणाले, "दुसरा कागद काढा." आणि तांब्यासाठी हात पुढं केला.

सक्रूबाईनं तांब्या मागं घेतला.

"आदी लिवा. पानी कुठं जात न्हाई."