कोरी काच

देगलूरच्या कॉलेजात मुनीर सर आम्हांला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. नव्या वर्गाच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला ते सूक्ष्मदर्शकाखाली एक स्लाइड लावून ठेवत आणि एकेकाला बोलावून विचारत, "दिसले का जिवाणू?" आमच्या ओळीतला पहिला मुलगा म्हणाला, "हाव सर." मग दुसरा कशाला नाही म्हणेल? सगळे "हाव सर, हाव सर" करत गेले. माझ्या पुढं भोकरची गोदावरी होती. ती तर म्हणाली, "लई हायत सर. वळवळ करून राहिलेत." माझी पाळी यायच्या आत सरांनी स्लाइड काढली, तिच्यावरचं भिंगासाठी लावलेलं तेल पुसलं आणि खिडकीच्या उजेडात धरली. काच कोरी होती.

आम्ही हसलो, सर हसले नाहीत. "न्हाई दिसलं तर न्हाई म्हणा," ते म्हणाले. "उद्या तुमच्यातलं कोणी दवाखान्याच्या लॅबमध्ये बसंल. तिथं कोणाचा तरी बाप तुमच्या डोळ्यांच्या भरवशावर खाटंवर पडलेला असंल." गोदावरी त्या दिवशी डबा न खाता बसली होती.

तसे ते तापट नव्हते. पण सूक्ष्मदर्शकाचं भिंग कोणी ओढणीनं पुसलं की त्यांचा आवाज चढायचा. त्यासाठी त्यांच्या खिशात मऊ मलमलीचा तुकडा असे. नापास होणाऱ्यावर ते इतके कधी चिडले नाहीत.

पहिली खरी स्लाइड ते दह्याची करायला लावत. आम्ही घरून वाटीत दही आणायचो. काचेवर त्याचा पातळ थर द्यायचा, वाळवायचा, जांभळा रंग घालायचा, मग धुवायचा. "धुताना कुठं थांबायचं ते हाताला कळलं पाहिजे," सर म्हणत. त्या जांभळ्या दांड्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. रोज जेवताना हे पोटात जातंय आणि आपल्याला पत्ताच नाही!

जिवाणूची पेशी ते असल्याच घरगुती भाषेत समजावत. "एका खोलीचं घर समजा. केंद्रक न्हाई, कोठीघर न्हाई, सगळा संसार त्या खोलीतच मांडलेला. पण भिंत बघा. जांभळा रंग टिकला तर भिंत जाड. रंग धुऊन गेला, नंतरचा गुलाबी चढला, तर भिंत पातळ. पण पातळवाल्याला कमजोर समजू नका. त्याला बाहेरून आणखी एक पडदा असतो. लई औषधं त्या पडद्यालाच अडतात."

इतकं सगळं कळणारा हा माणूस स्वतःच्या साखरेच्या आजाराच्या बाबतीत मात्र अगदी बेफिकीर होता. चहा गोडच लागायचा. टाचेला चप्पल चावली, जखम झाली, ती चिघळली, तरी हळद लावून हिंडत राहिले. मला याचा अजून राग येतो.

नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी लॅब सांभाळते, तिथंच त्यांना आणलं. जखमेतले जिवाणू रक्तात उतरले होते. स्लाइड मीच केली. गुलाबी दांड्या. मग औषधांच्या चकत्या ठेवून ते जिवाणू बशीत वाढवले. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ राहतं. सकाळी बशी उघडली तर सगळीकडं दाट साय धरल्यासारखी वाढ, वर्तुळ एकही नाही. मी बशी झाकली आणि तिथंच स्टुलावर बसले.

सरांनी बायकोला, हमीदा भाभींना, आधीच बजावलं होतं, "औषध लागू न्हाई पडलं तर मला इथं ठेवू नका. घरी मरू द्या." भाभींना मात्र अजून आशा होती. वॉर्डच्या दारातच त्यांनी माझा हात धरला. "उनकू नक्को बोल बेटा. घरी नेलं तर संपलं सगळं."

पण सरांनी हट्टच धरला, स्लाइड स्वतः बघायची. डॉक्टरांनी परवानगी दिली. चाकाच्या खुर्चीतून त्यांना लॅबमध्ये आणलं. भाभी मागं उभ्या होत्या. सरांनी सवयीनं खिशाकडं हात नेला. दवाखान्याच्या कपड्यांना खिसा नव्हता. मग त्यांनी डोळा लावला. स्क्रू फिरवला, उलटा फिरवला, पुन्हा फिरवला.

"दिसले का, सर?" मी विचारलं.

"न्हाई बेटा," ते म्हणाले. "काहीच दिसून न्हाई राहिलं. डोळे गेले माझे. तुला काय दिसलं ते सांग."

भाभी माझ्याकडं बघून मान हलवत होत्या. नाही, नाही. मला त्यांच्याकडं बघवेना.

"गुलाबी दांड्या, सर."

"आणि बशीत?"

"वर्तुळ न्हाई, सर. एकाही चकतीभोवती न्हाई."

सरांनी स्क्रूवरचा हात काढला. खुर्ची वळवायची त्यांच्यात ताकद नव्हती, म्हणून तोंड तिकडंच ठेवून ते म्हणाले, "हमीदा, चला देगलूरला."

भाभी माझ्याशी त्यानंतर आजपर्यंत बोललेल्या नाहीत.