आवाज आबांचा, तोंड माझं

लातूरच्या एमआयडीसीत आमचा क्रेनचा कारखाना हाय. मी तिथं वेल्डर. उमरीच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्ला, कारखान्यात आबांची नक्कल करून फुकटचा चहा प्यायलो.

आबा म्हंजे हा कारखाना ज्यांनी उभा केला ते. बोलायच्या आधी खाकरणार, चष्मा कपाळावर सारणार, मग "बरं का लेकानो". एवढं केलं की आमचं सगळं शेड हसून बेजार.

खंडेनवमीला आमच्याकडं मशिनींची पूजा असते. क्रेनच्या हुकाला झेंडूचा हार घालायचा आन् त्या हुकाखाली उभं राहून आबा पहिल्या क्रेनची गोष्ट सांगणार. दरवर्षी तीच. ती झाल्याबिगर नारळ फुटत न्हाई.

औंदा आबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, बोलणं बंद. मग साहेबांनी, म्हंजे त्यांच्या लेकानं, पुण्याहून कंपनीचा इतिहास लिहून आणला. लई गुळगुळीत. 'लघुउद्योगातून भरारी' वगैरे. साहेब वाचू लागले तसं आबांचं तोंड उतरत गेलं. त्यात त्यांची गोष्टच नव्हती. शेवटी त्यांनी काठी आपटली, कागद ओढून घेतला आन् काठीचं टोक माझ्याकडं केलं.

माझी नोकरी मला तिथंच जाताना दिसली.

साहेब म्हणाले, हा काय सांगणार? आबांनी मोबाईलवर टाईप करून दाखवलं, 'माझ्यापेक्षा बरा बोलतो. खिडकीतून ऐकलंय.'

काय करता? हुकाखाली गेलो. खाकरलो. चष्मा नव्हता, नुसतं कपाळ चोळलं.

"बरं का लेकानो, नांदेडात माझं शेड होतं. विहिरीतला गाळ काढायच्या यारी बनवायचो. एका साखर कारखान्यानं इचारलं, ऊस उचलायची क्रेन जमंल का? म्हणलं, हाव. जमतंय का न्हाई ते मागून बघू."

पोरं हसायली. मला जोर चढला. क्रेन शेडातच जोडली, पिवळाजर्द रंग दिला, पेढे वाटले. भाईर काढायला गेले तर क्रेन मोठी आन् दार बारीक. मापं सगळी घेतली होती, दाराचं तेवढं कुणी घेतलंच नव्हतं. मग भिंत पाडली, क्रेन भाईर काढली, आन् तिथून हा कारखाना.

टाळ्या पडल्या. मी नारळाकडं वळलो तर आबांची काठी पुन्हा खाडकन. मान जोरजोरात हलवायले. काठी आजींकडं. आबांच्या मंडळी पूजेचं ताट घेऊन खुर्चीत बसल्या होत्या.

माझ्या ध्यानात आलं. चहाच्या वक्ताला हा तुकडा मी गाळायचो, कारण आजींचा आवाज मला जमत नव्हता. आन् आता तर त्या समोरच.

डोळे मिटले आन् जमंल तसा आजींचा आवाज काढला, "दोन दिस भिंतीकडं नुसतं बघायलाव. ती काय लाजून सरकणार हाय का?" मग आबांच्या आवाजात सांगितलं, "असं म्हणून घणाचा पहिला घाव हिनंच घातला, लेकानो."

आबांचे खांदे गदागदा हलायले. आवाज न्हाई, पर हसू डोळ्यांतून वाहायलं. साहेबांनी आबांकडनं कागद परत घेतला आन् घडी करून खिशात घातला.

आजी तेवढ्या हसल्या न्हाईत. म्हणाल्या, "बाकी ठीक हाय. पर मी येवढी हळू बोलले नव्हते."

आबांनी दोनदा मान डोलावली आन् नारळ आजींच्या हातात दिला.